पहिलं वाटण

शहराला नान-खलियाचा फार अभिमान आहे. असू द्या, त्यांचं त्यांना लखलाभ. आम्ही खदानवाले. गुलमंडीकडून कुणी पाहुणा आला आणि नान-खलियाचं कौतुक सांगायला लागला, की आमचे सुरुंगवाले काका त्याला मध्येच तोडायचे. "पिवळं पानी हाय त्ये. रस्सा खायाचा तर आमच्या खदानीतला." पाहुण्याला वाईट वाटेल वगैरे विचार आमच्याकडे कुणी करत नसे.

आमची वस्ती छावणीच्या पलीकडे, दगडाच्या खदानीच्या काठावर. पंचवीस-तीस घरं. बाया खडी फोडायच्या, पुरुष वरच्या अंगाला घण घालायचे. काका भोकांत दारू भरून सुरुंग लावायचे, म्हणून त्यांचा मान सगळ्यात मोठा. माझे वडील, आबा, टाकीवाले. छिन्नी-हातोडीनं दगड घडवायचे आणि उरलेल्या वेळात पाटे, वरवंटे, जाती करायचे. अर्ध्या शहराच्या पायात आमचा दगड आहे असं आबा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

सहा दिवस आमच्या तोंडात धूळ असायची. भाकरीत, पाण्यात, पोरांच्या केसांत, सगळीकडे. दाताखाली कचकच लागली तरी कुणी घास थुंकत नसे. थुंकायला लागलं तर जेवणच व्हायचं नाही. रविवारी मात्र खदान बंद. त्या दिवशी काळा रस्सा. मटण थोडं आणि माणसं फार, म्हणून रश्श्याला येसर लावायचं, म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि धणे भाजून दळलेलं पीठ. कांदा आणि खोबरं चुलीत काळं होईपर्यंत भाजायचं, पाट्यावर लोण्यासारखं वाटायचं. त्या रश्श्यात कचकच लागली तर मात्र घर बुडालं म्हणा. सहा दिवस दगड खाल्लेल्या माणसाला सातव्या दिवशी तरी मऊ घास मिळाला पाहिजे, एवढीच आमची श्रीमंती होती, आणि तिच्यावरून आम्ही एकमेकांचे जीव घ्यायला कमी करत नव्हतो.

नवी सून आली, की तिच्या पहिल्या रविवारी सगळ्या वस्तीला तिच्या हातचा रस्सा. खदानीच्या काठावर सपाट कातळ होता, तिथं पंगत बसायची. पहिली वाटी सुरुंगवाल्या काकांना. ते जेवले, की बाकीचे जेवणार. काकांनी वाटी पुसून खाल्ली की सून पास. मग तिला कुणी काही म्हणायचं नाही, तिच्या सासूनंही नाही. आणि काकांनी वाटी बाजूला सारली तर काय होतं, ते कुणाला माहीत नव्हतं. तोवर तसं झालंच नव्हतं.

माझी आई मी तेरा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून घरची चूल माझी. आबांचं, भावाचं, माझं, तिघांचं मी सात वर्षं केलं. भाकरी भाजताना मनगटं भाजली, त्याचे डाग अजून आहेत. रविवारचा रस्सा मी पंधराव्या वर्षी जमवला. शेजारच्या बाया वाटी घेऊन यायच्या आणि चव बघून जायच्या. आबा कधी काही बोलले नाहीत. ताटात काही उरायचं नाही, त्यालाच मी कौतुक समजायचे.

मी वीस वर्षांची असताना भावाचं लग्न झालं. वहिनी कन्नड तालुक्यातली, घाटाजवळच्या एका खेड्यातली. माझ्यापेक्षा वर्षानं लहान, अंगानं बारीक, बोलणं हळू. मला ती आवडली नाही असं नाही. पहिले चार दिवस चांगली आवडली. पाचव्या दिवशी तिनं उडदाचं घुटं केलं. लसूण ठेचून घातला, वरून फोडणी, बाकी काही नाही. आबांनी दुसऱ्यांदा मागितलं. मग तिसऱ्यांदा. हात धुता धुता मला म्हणाले, "पोरीच्या हाताला चव हाय. तुह्या मायची सय आली."

सात वर्षं. सात वर्षांत मला एकदाही नाही. एका घुट्यावर त्यांना आई आठवली.

त्या दिवशी मी भांडी एवढ्या जोरात घासली की वहिनी म्हणाली, "वन्सं, द्या इकडं, म्या घासते." मी दिली नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं की आता चूल जाणार. चूल गेली की माझ्याजवळ काय राहणार? मी काही शिकलेली नव्हते, दिसायला बरी म्हणावी तर तशीही नव्हते. मला कुणी पाहायला आलं, तर "पोरगी रस्सा करते" एवढंच आबांना सांगता येण्यासारखं होतं.

शनिवारी संध्याकाळी आबांनी पाटा अंगणात काढला. दुसऱ्या दिवशी सुनेची पंगत, आणि पाटा गुळगुळीत झालेला. त्यावर वाटण सरकायचं, बारीक व्हायचं नाही. आबांनी टाकी, म्हणजे बारीक छिन्नी, घेतली आणि पाटा खरबरीत करायला त्यावर टिचटिच करत बसले. वहिनी तेव्हा नळावर गेली होती. ती घरी असती तरी तिच्या ध्यानात आलं नसतं, कारण टाकीचा आवाज आमच्या वस्तीत दिवसभर चालायचा.

टाकी लावलेल्या पाट्यावर पहिलं वाटण खायचं नसतं. मूठभर तांदूळ नाही तर जाडं मीठ घ्यायचं, वाटायचं आणि फेकून द्यायचं. दगडाची सुटी झालेली कणी त्याच्याबरोबर निघून जाते. खदानीतल्या लहान पोरीलाही हे माहीत. घरोघरी माहीत असतं, वहिनीलाही माहीत असणार. पण पाट्याला टाकी लागली आहे, हे आधी माहीत पाहिजे ना.

सासऱ्यानं नव्या सुनेशी थेट बोलायचं नाही अशी तेव्हाची रीत. आबांना पाणी पाहिजे असलं तरी ते मला सांगायचे आणि मी तिला. पाटा आत ठेवता ठेवता आबा मला म्हणाले, "टाकी लावलीय. तिला सांग, पयलं वाटन फेकून दे म्हनाव."

मी "व्हय" म्हणाले.

नुसती विसरले असते तर ही गोष्ट मी सांगितलीच नसती. ताजी टाकी लावलेला पाटा पांढुरका दिसतो, लगेच ओळखू येतो. मी आत गेले, सकाळच्या वाटणाचं काळं पाणी वाडग्यात राहिलं होतं ते पाट्यावर ओतलं आणि तळहातानं चोळलं. दोनदा. पाटा जुना दिसायला लागला. तळहाताला कणी टोचत होती. मग मी हात धुतले आणि वहिनी नळावरून आली तेव्हा तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

रविवारी सकाळी ती न्हाऊन, नवं लुगडं नेसून चुलीपाशी बसली. मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जवळ बसा, काय चुकलं तर सांगा." मी म्हटलं, "तुझं तू कर. लोक म्हणतील नणंदेनं केलं." आणि बाहेर जाऊन शेजारच्या उंबऱ्यावर बसले. तिथून वरवंट्याचा आवाज ऐकू येत होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला. उठून आत जायला दहा पावलं होती.

पंगत बसली. वहिनीनं पदर खोचून पहिली वाटी काकांपुढे ठेवली. रश्श्याचा वास असा सुटला होता की पोरं गप्प झाली होती. तर्री वर आलेली, रंग काळाभोर. तेव्हा माझ्या मनात आलं की हा रस्सा माझ्यापेक्षा चांगला आहे. काकांनी भाकरी कुस्करली, घास घेतला आणि चावायचे थांबले.

त्यांनी घास हातावर काढला आणि बघितला. मग कातळावर थुंकले. मोठ्यानं म्हणाले, "सा दिस दगडच खातो की आमी. आज बी दगडच घालायचा व्हता व्हय?"

ज्यांना काकांच्या आधी चोरून घास घ्यायची सवय होती, तेही थुंकायला लागले. पंगतभर थुंकण्याचा आवाज. कुणी हसलं. एक बाई म्हणाली, "रस्सा न्हवं, खडी रांधली पोरीनं." मग सगळेच हसले. आमच्याकडे हसायला लागले की दात पडेपर्यंत हसतात.

भाऊ उठला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं वहिनीच्या मुस्काटात मारली. तिच्या हातातली पळी उडून खदानीत गेली. खाली जाताना दगडांवर आपटत गेली, ते आम्ही ऐकलं.

आबा माझ्याकडे वळले. आबांना एका क्षणात कळलं होतं, टाकीवालेच ते. त्यांनी विचारलं, "तिला सांगितलं नव्हतं तू?"

मी म्हणाले, "सांगितलं व्हतं." आबा बघतच राहिले, म्हणून मी आणखी म्हणाले, "सकाळी चुलीपाशी बसले व्हते, फुंकणी हातात व्हती. तवाच सांगितलं, वहिनी, पहिलं वाटण फेका. दोनदा सांगितलं."

चुलीपाशी मी बसलेच नव्हते. फुंकणीला हातही लावला नव्हता. खोटं बोलताना असं काहीतरी बारीकसारीक घातलं की लोकांना पटतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप जमलं.

वहिनी गालावर हात ठेवून म्हणाली, "मला नाय सांगितलं वो वन्संनी."

"वर खोटं बी बोलती," कुणीतरी म्हणालं. आणि ते खरं ठरलं, कारण मी तेरा वर्षांची असल्यापासून वस्तीच्या डोळ्यांसमोर राबत होते आणि ती आठ दिवसांपूर्वी जीपमधून उतरली होती.

मी शेजारच्या पाट्यावर नवं वाटण केलं, उरलेलं मटण घातलं आणि तासाभरात दुसरा रस्सा पंगतीपुढे आणला. काकांनी वाटी पुसून खाल्ली. म्हणाले, "ही पोरगी हाय म्हनून खदानीची अब्रू राहिली." आबा खाली मान घालून जेवले. मला आयुष्यात त्याहून गोड काही ऐकायला मिळालेलं नाही, हेही सांगून टाकते. लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही वाटली. फार छान वाटलं.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, खडीवाली. तिचं खरं नाव लग्नपत्रिकेत राहिलं. पुढं तिची पोरं शाळेत जायला लागली तर तीही खडीवालीची. आणि मी खदानीचा हात. माझं लग्न वस्तीतच, दोन गल्ल्या सोडून झालं, आणि ते त्या रश्श्यावरच झालं. सासरच्यांनी मला पाहायला यायचीसुद्धा तसदी घेतली नाही. पंगतीत जेवले होते ना.

भावानं तिला पुन्हा रविवारचा रस्सा करू दिला नाही. दर रविवारी डबा माझ्या घरून जायचा. तिची पोरं "आत्याच्या हातचं" म्हणत मोठी झाली. थोरल्यानं स्वतःच्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलं, रस्सा आत्याच करणार. वहिनी कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिनं मान हलवली.

लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, पीठ चाळणं ही कामं तिची झाली. पीठ ती तीनदा चाळायची. डाळ पांढऱ्या फडक्यावर पसरून एकेक दाणा बोटानं सरकवायची. भाकरी उजेडाकडे धरून बघायची. घास घेतला की डोळे मिटून, हळू हळू, कान देऊन चावायची. लोक नकला करायचे. मीही करायचे, आणि माझी नक्कल सगळ्यात चांगली व्हायची.

एकदा दुपारी मी न सांगता तिच्याकडे गेले. भाऊ कामावर, पोरं शाळेत. घरात तो वास होता. मी चुलीवरचं झाकण काढलं. लहान पातेल्यात वाटीभर रस्सा. मटण नव्हतं, नुसतं येसर आणि वाटण. तिनं एकटीसाठी केला होता. ती चोरी सापडल्यासारखी उभी राहिली. म्हणाली, "सहज केला. बघा ना वन्सं, जमलाय का? खरं खरं सांगा."

मी पळीनं घेतला. तोंडात फिरवला. लोण्यासारखा होता. इतकं बारीक वाटण मला कधी जमलं नाही, आजही जमत नाही. खालचा खोबऱ्याचा गोडवा, वरून मिरची, आणि मागाहून येसराचा खमंगपणा, सगळं जागच्या जागी. आबांना आई का आठवली, ते मला त्या घासाला कळलं.

मी चूळ भरली आणि म्हणाले, "कचकच लागते गं."

तिनं स्वतः चाखला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "व्हय. लागते." आणि पातेलं मोरीत ओतलं.

त्या दिवशी घरी येताना मला थोडं कसंतरी झालं. पण ते रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकलं.

खदान बंद पडली. खाली पाणी लागलं, मग परवानगीचं काहीतरी झालं, मग मशिनी गेल्या. खड्ड्यात पाणी साचलं. आबा गेले, काका गेले. भावाच्या छातीत धूळ बसली होती, ती शेवटपर्यंत निघाली नाही. शेवटी शेवटी त्याला अन्न जाईना. एक दिवस वहिनी माझ्या दारात आली, हातात रिकामी वाटी. म्हणाली, "रस्सा मागतेत. म्या करते म्हनलं तर नको म्हनले. तुमच्याच हातचा पायजे."

तेव्हा सांगायला हवं होतं. ती घरी जाऊन त्याला सांगू शकली असती, तो एकदा तरी तिच्या हातचं खाऊन गेला असता. मी वाटी भरली. वरून तर्री घातली, नेहमीपेक्षा जास्त. ती पदराखाली झाकून घेऊन गेली. त्यानं दोन घोट घेतले आणि म्हणाला, म्हणे, "बहीण ती बहीण." हे मला तिनंच येऊन सांगितलं, आनंदानं.

आता खदानीच्या काठावर फ्लॅट झालेत. ज्यांनी कधी घण उचलला नाही, ती आमची नातवंडं छातीवर "खदानवाले" छापलेले टी-शर्ट घालून फिरतात. हायवेवरच्या धाब्यांवर खदान स्पेशल काळ्या रश्श्याच्या पाट्या लागल्यात. एका ठिकाणी मी खाल्ला. येसराचा पत्ता नाही, काजूची पेस्ट. मालकाला विचारलं, खदान पाहिलीस का कधी? तर म्हणाला, मावशी, आपला ब्रँड आहे.

मागच्या हिवाळ्यात विहाराच्या मैदानावर मंडळाच्या पोरांनी खदानीच्या जेवणाचा कार्यक्रम ठेवला. शहरातून माणसं येणार, व्हिडिओ निघणार, आणि आत्यानं पाट्यावर वाटून दाखवायचं. आत्या म्हणजे मी. माझ्यासाठी शाल आणली होती. पाटा पाहिजे होता, तर आबांचाच काढला. इतकी वर्षं तो वहिनीच्या मोरीत कपडे आपटायला पडला होता, चांगलाच गुळगुळीत. पोरांनी टाकीवाली बाई शोधून आणली आणि तिनं मैदानातच त्याला टाकी लावली.

मी पाट्यापुढे बसले. कांदा-खोबरं समोर, मोबाइल वर धरलेले. तेवढ्यात वहिनी गर्दीतून पुढे आली. हातात तांदळाची वाटी. "थांबा वन्सं, पहिलं वाटण फेकायचं." ती माझ्या शेजारी बसली, तांदूळ वाटले, बोटांत चोळून बघितले, फेकले. पुन्हा वाटले, पुन्हा फेकले. तिसऱ्यांदा वाटले तेव्हा लोक हसायला लागले.

तीही हसली. मोबाइलकडे बघून सांगायला लागली, "मला तर नणंदबाईंनी दोनदा सांगितलं व्हतं. पण माझंच ध्यान नव्हतं बगा. नवी नवरी, कुठं चित्त असतंय! सगळ्या वस्तीला खडी चारली म्या. खडीवालीच म्हनतात मला." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मला नाय सांगितलं" म्हणणारी ती पोरगी कुठं गेली? मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर खोटेपणा अजिबात नव्हता, खदखदून हसत होती. माझे हात पाट्यावर होते आणि बोटांना कणी टोचत होती, तशीच.

मी वाटण केलं. रस्सा झाला. शाल घेतली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. घरात आम्ही दोघीच. ती भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसले आणि सांगून टाकलं. सगळं, आणि एका दमात, कारण थांबले असते तर उठून गेले असते. आबांनी सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. पाट्यावर काळं पाणी चोळलं. शेजारी जाऊन बसले. आबांशी खोटं बोलले. आणि त्या दुपारचा रस्सा, त्यात काही नव्हतं, तो माझ्यापेक्षा चांगला होता. "तू कधीच चुकली नव्हती," मी म्हणाले. "एकदाही नाही."

तिचा हात परातीत थांबला. मला वाटलं आता ती मला हाकलून देईल, शिव्या देईल, तव्यावरची भाकरी तोंडावर मारेल. खरं सांगते, मला ते हवं होतं.

ती हसली. "वन्सं, कामून उगं स्वतःवर घेता? लोक हसले म्हनून मला वाईट वाटलं असंल, असं वाटलं व्हय तुमाला? नाय वो. आता काय त्याचं."

"मी खरं बोलतेय. मी तुला सांगितलंच नव्हतं."

"सांगितलं व्हतं की." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मला अजून डोळ्यापुढं दिसतंय. तुम्ही चुलीपाशी बसल्या व्हत्या. हातात फुंकणी व्हती. म्हनल्या, वहिनी, पहिलं वाटण फेका. दोनदा म्हनल्या."

फुंकणी तर मीच घडवलेली होती.

"अन् त्या दुपारी कचकच व्हतीच," ती म्हणाली. "मला बी लागली ना. तुम्ही तवा खरं सांगितलं म्हनून बरं, नायतर यांच्या ताटात गेला असता." मग माझ्याकडे वळून, डोळे भरून आलेले, "पन तुमचं मन लई मोठं. मरायच्या आधी भावजयीचा डाग आपल्या अंगावर घ्याया निघालात. कोन करतं असं? उद्या नळावर सांगते समद्यांना."

"नको सांगू," मी म्हणाले.

"सांगनार."

भाकरी फुगली. तिनं ती काढली, नेहमीसारखी उजेडाकडे धरली आणि दोन्ही बाजूंनी बघितली. मधून मोडली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. मी वाट बघत बसले. मग तिनं उरलेली भाकरी माझ्या ताटात ठेवली, त्यावर घुटं वाढलं.

"खावा," ती म्हणाली. "बघितलंय म्या. कचकच नाय."